मामाचा स्पेक्ट्रम आणि नागपूरचं ऊन

गुरुवार

नाशिकहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढलो तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कपड्यांचे दोनच जोड होते. बाकी सगळं सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, सोल्डर ओढायचा पंप आणि स्क्रू ड्रायव्हर. समोरच्या बर्थवरच्या काकांनी ते बघून विचारलं, "इलेक्ट्रिशियन का?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला बसलो असतो तर भुसावळ आलं असतं.

खरं असं होतं. मामी घर रंगवायला काढत होती. फोनवर म्हणाली, "माळ्यावरचं सगळं कबाडीवाल्याले देऊन राहिली मी. मामाचा तो काळा कॉम्प्युटर पण आहे, तुले पाह्यजे का?" तो काळा कॉम्प्युटर म्हणजे सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस. मामाच्या मित्रानं १९८५ मध्ये इंग्लंडहून आणलेला. माझ्या पाच उन्हाळी सुट्ट्या त्याच्यासमोर गेल्यात. मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

स्टेशनवरून मेट्रोनं थेट सुभाष नगर. दहा वाजताच रस्ता असा तापला होता की चपलेतून कळत होतं. नवतपा, म्हणजे मे-अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून दोन दिवस होते.

मामीचा माळा पत्र्याखाली आहे, हे मी विसरलो होतो. पत्र्याखाली वीसेक उन्हाळे काढलेलं कुठलंही प्लास्टिक काय होतं ते मग समजलं. जुन्या चादरीत गुंडाळलेला स्पेक्ट्रम बाहेरून बरा दिसत होता. खालचे स्क्रू काढून वरचं झाकण उचललं आणि आत कडक झालेल्या पापडासारखा आवाज आला. कीबोर्डच्या खाली जो पारदर्शक प्लास्टिकचा पदर असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. त्याच्या दोन पट्ट्या बोर्डावरच्या दोन कनेक्टरमध्ये जातात, एकीत आठ रेघा, दुसरीत पाच. आठ पाचे चाळीस, म्हणजे चाळीस मूळ की; प्लसवरच्या जादा की यांच्याच जोड्यांवर चालतात. आठ रेघांच्या पट्टीला कनेक्टरच्या अगदी तोंडाशी केसाएवढी चीर होती.

ज्यांनी स्पेक्ट्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८२ च्या एप्रिलमध्ये हे यंत्र आलं. झेड८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ, १६ किंवा ४८ के मेमरी, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि डिस्क म्हणून घरचा टेपरेकॉर्डर. प्लस आला १९८४ मध्ये. पोट तेच, फक्त रबरी कीबोर्ड जाऊन टणक कीबोर्ड आला आणि डाव्या बाजूला रिसेटचं बटण. आपल्याकडे डेसिबेल्स नावाची कंपनी परवाना घेऊन हाच प्लस विकायची. त्यामुळे हे यंत्र भारतात अगदीच अनोळखी नाही. पण पार्ट मागायला गेलं की अनोळखीच.

मूळचा पॉवर अ‍ॅडाप्टर घरात कुठेच नव्हता. संध्याकाळी मामेभाऊ ऑफिसातून आला आणि उत्साहात वायफायच्या राउटरचा अ‍ॅडाप्टर उपटून घेऊन आला. "नऊ व्होल्टच आहे ना? लाव."

मी त्याचा हातच धरला. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात हे बरोबर, पण पिनच्या मधल्या भोकात निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह. हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडाप्टरना नेमकं उलटं असतं. पिन अगदी बरोबर बसते, म्हणूनच घात होतो. मामेभाऊ अ‍ॅडाप्टर हातात धरून थोडा वेळ नुसता उभा राहिला, मग काही न बोलता राउटरकडे गेला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

शुक्रवार

निघताना मामीनं डोक्याला दुपट्टा बांधला आणि खिशात कांदा घातला. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही. पण मामीसमोर तो खिशातून काढायची छातीही नाही.

बर्डीला मोदी नंबर तीन. नागपूरबाहेरच्यांना नाव वाचून भलतंच वाटेल. सीताबर्डीत मोदी नंबर एक, दोन, तीन अशा गल्ल्या आहेत. तिथे इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकमेकांना खेटून. बाहेर मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेले, आत गेलं की भिंतभर छोटे ड्रॉवर. ड्रॉवर असलेलं दुकान दिसलं की मला बरं वाटतं. ज्या दुकानात सगळा माल काचेखाली मांडलेला असतो तिथे पार्ट मिळत नाहीत, वस्तू मिळतात.

मेमरीचा आयसी लागलाच तर हाताशी असावा, म्हणून काउंटरवरच्या पोराला विचारलं, "४११६ आहे का? नाहीतर ४१६४?"

"कोणत्या टीव्हीचा?"

"टीव्हीचा नाही. मेमरीचा आयसी. जुन्या कॉम्प्युटरचा."

"मेमरी मोबाइलवाल्याकडे भेटते, शेजारी."

मागे खुर्चीत बसलेले मालक तोवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, नंबर नका सांगू. नंबर या पोराच्या जन्माच्या आधीचा आहे. कोणत्या मशिनीत लागत होता ते सांगा, मग पाहू ते मशीन आता कुठं पडलं आहे."

हे वाक्य ऐकून मी स्टुलावर बसलोच. जुन्या यंत्रांच्या पार्टसाठी गेली तीन वर्षं मी नंबर घेऊन फिरतोय. पुण्यात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, आणि इंटरनेटवर तर रोजच. ऑनलाइन मागवलेल्या जुन्या आयसींमध्ये घासून नवा नंबर छापलेले निघतात, असे तीन माझ्याकडे शोभेला आहेत. मशिनीच्या बाजूनं विचार मी कधी केला नव्हता.

मग आम्ही दोघांनी यादी त्यांच्या पद्धतीनं केली. ४१६४? "एक्सटीच्या बोर्डावर राहत होते असले, लाइनीनं लावलेले. आता एक्सटी कोण ठेवते? इतवारीत पाहा, किलोच्या भावात." एक्सटी म्हणजे ऐंशीच्या दशकातला आयबीएम पद्धतीचा पीसी. कपॅसिटर? माझ्या बोर्डावरचे आडवे आहेत, दोन्ही टोकांना एकेक तार निघते तसे. ते त्यांच्याकडे नव्हते. "उभे घ्या न. एक पाय लंबा करून झोपवून द्या. कंडेन्सरले कुठं माहीत आहे तो उभा आहे का आडवा." म्हणणं बरोबर होतं. व्होल्टेज आणि मायक्रोफॅरड जुळले, प्लस-मायनस चुकलं नाही की झालं. डझनभर घेतले. १६ पायांचे आयसी बेस घेतले, एक ७८०५ घेतला. ७८०५ म्हणजे नऊ व्होल्टचे पाच करणारा रेग्युलेटर. उरलेले चार व्होल्ट तो नुसते तापून संपवतो, पाऊण अँपिअर गेला तरी तीन वॅट उष्णता. नागपूरच्या मे महिन्यात त्याला बिचाऱ्याला सुटका नाही.

आणि अ‍ॅडाप्टर? उलट्या पिनचा म्हटल्यावर मालकांनी ड्रॉवरही उघडला नाही. "गिटारवाल्याकडे जा. ते पायानं दाबायचे डबे असतात न, त्याले उलटाच लागते."

हे मला आधी सुचायला हवं होतं. गिटारच्या इफेक्ट पेडलना नऊ व्होल्ट, मध्ये निगेटिव्ह, हीच चाल आहे आणि पिनचं मापही तेच. बर्डीतच वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलानं अदबीनं विचारलं, "सर कोणता पेडल वापरता?"

"स्पेक्ट्रम."

"नवीन आला का?"

"नाही, जुनाच आहे."

त्यानं दाखवलेला पहिला ५०० मिलिअँपिअरचा होता, तो कमी पडला असता. एक अँपिअरचा घेतला. दुकानातच मीटर लावून पिन तपासली, मुलगा बघत राहिला. घरी जाताना खिशातला कांदा मऊ झाला होता.

दुपारभर कोणीही बाहेर पडत नाही, म्हणून कूलरसमोर बसून टीव्हीचं काम केलं. स्पेक्ट्रममध्ये एक पत्र्याची डबी असते, तीतून अँटेनाच्या वायरीचा सिग्नल निघतो. तो नव्या टीव्हीला पकडायला लावण्यापेक्षा डबीच्या आतली चित्राची वायर सोडवून सरळ बाहेरच्या सॉकेटला जोडायची, मग टीव्हीच्या पिवळ्या पिनला जाते. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि हवं तेव्हा मूळपदावर आणता येतं. कपॅसिटर बदलले, ७८०५ बदलला. मीटरवर पाच व्होल्ट नीट दिसले. मग सगळं जोडून बटण दाबलं.

पांढरी चौकट. आत हिरवा पडदा, त्यावर बारीक लाल उभ्या रेघा. आणि तसंच थिजलेलं.

मामी म्हणाली, "बिघडलंच आहे का?" मी मात्र खूश होतो. कारण ते चित्र म्हणजे निदानाची चिठ्ठी होती.

स्पेक्ट्रम सुरू होताना रॉममधला प्रोग्रॅम सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरतो आणि मग तपासत जातो. पडद्याची मेमरीही त्यातच आहे. २ म्हणजे आठ बिटांत ००००००१०. म्हणून आठ ठिपक्यांमागे एक रेघ दिसते. रंगाच्या मेमरीतही २ भरला जातो, त्याचा अर्थ काळ्यावर लाल. धडधाकट मशीनमध्ये काळ्यावर लाल रेघा क्षणभर चमकतात आणि जातात. माझ्या पडद्यावर आठ ठिपक्यांत दोन रेघा होत्या, सातवी आणि तिसरी. म्हणजे ००१०००१०, म्हणजे ३४. रंगाच्या भाषेत ३४ म्हणजे हिरव्यावर लाल. २ च्या जागी ३४ आले, तर ३२ चा बिट कायम १ वर अडकला आहे. खालच्या १६ के मेमरीत आठ आयसी, प्रत्येकाकडे एक बिट. आठांपैकी नेमका कुठला गेला ते टीव्हीसमोर भिंग घेऊन रेघा मोजून कळलं. मामेभाऊ म्हणाला, "कुंडली पाहून राहिला का?"

शनिवार

सकाळी तर्री पोहे. जिभेवर तर्री, डोक्यावर ऊन, आतून-बाहेरून सारखंच.

एक शंका उरली होती. ४११६ हा आयसी जुन्या घराण्यातला, त्याला एकाच वेळी तीन प्रकारची वीज लागते: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. उणे पाच गेलं तर नवा आयसीही मरतो. माझ्या मीटरची बॅटरी नेमकी रात्री बसली होती, आणि मला दुसऱ्या माणसाची नजरही हवी होती. मामी म्हणाली, बडकस चौकाजवळ महालात एक टीव्ही मेकॅनिक आहेत, "आपला पहिला ब्लॅक अँड व्हाइट त्यांनीच चार वेळा दुरुस्त केला."

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. काका सत्तरीच्या पुढचे, बनियनवर. मी पिशवीतून उघडा बोर्ड काढला तसे त्यांनी हात पुसले. हे मला फार आवडलं. हल्ली लोक फोन हातात धरूनच बोर्ड बघतात. त्यांनी आधी काही मोजलं नाही. बोर्ड तिरपा करून उजेडात धरला, सोल्डरकडे पाहिलं, वास घेतला. मग मीटर लावला. अधिक पाच, अधिक बारा, उणे पाच. तिन्ही जागेवर.

"काही गेलं नाही. एकच दात किडला आहे," काका म्हणाले.

त्यांच्या मागे बिस्किटांच्या डब्यांत ट्रान्झिस्टर होते. एसएल१००, एसके१००, धातूच्या टोपीचे. एसी१२८. बीसी१४८. ज्यांनी ऐंशीच्या दशकात घरी रेडिओ किंवा अलार्म जोडायचा प्रयत्न केला त्यांना ही नावं शाळूसोबत्यांसारखी वाटतील. सायकलच्या आऱ्यावर टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे मापवार ओवलेले. मेमरीचा आयसी मात्र नव्हता. "ते डिजिटल. मी अ‍ॅनालॉगचा माणूस." पैसे घेतले नाहीत. "चालू झाला तर दाखवाले आणजा."

तिथून चितार ओळी. मूर्तिकारांच्या घरांसमोरून इतवारीत शिरलो, बोहारणीसारखा. इतवारीत गल्ल्यांना ओळी म्हणतात, आणि ओळीचं नाव तिच्या मालावरून. लोहाओळीच्या आसपास विचारत विचारत एका गाळ्यापाशी पोचलो, तिथे जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड पोत्यांत भरून ठेवले होते. मालक तराजूशेजारी पाट टाकून बसला होता. माझ्याकडे त्यानं बोर्डाकडे पाहावं तसं पाहिलं, वजन किती भरेल असं.

"जुना एक्सटीचा बोर्ड पाहिजे."

"सोनं काढता का?"

"नाही हो."

"मग काहून जुनाच पाह्यजे? नवीन न्या न, हलका असते."

या धंद्यात जुन्या बोर्डांना भाव जास्त, कारण त्यांच्या पिनांवर सोन्याचा मुलामा जाड असे. मी खरं सांगितलं, की मला बोर्ड नको, त्यावरच्या काही चिप हव्यात, आणि चिप लागते मामाच्या कॉम्प्युटरला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही असं मला अजूनही वाटतं. पण "शोधा मग" म्हणाला.

दीड तास. पत्र्याची शेड, वर ऊन, खाली धूळ. एका पोत्यात नुसते साउंड कार्ड. दुसऱ्यात पेंटियमच्या काळातले, मला निरुपयोगी. तिसरं पोतं ओतलं तेव्हा एक काळा कीबोर्ड घरंगळला, वरच्या रांगेत दहा तांबड्या-नारिंगी की. मी ओरडलोच. बीबीसी मायक्रोचा कीबोर्ड! १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायला क्लास नावाचा प्रकल्प काढला, तेव्हा शाळांत हे मशीन आलं होतं. माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातली पहिली की याच्यावरच दाबली. शाळेत त्या खोलीत चपला काढून जावं लागे म्हणतात. आणि इथे तो पोत्यात, एक की गायब. मशीनचा बाकी भाग शोधला, नाही सापडला. कीबोर्डावर मोह झाला, पण एकट्या कीबोर्डाचं काय करणार? ठेवून दिला. आज हे लिहिताना पस्तावतोय.

चौथ्या पोत्याच्या तळाशी एक्सटी होता. ओळखायला सोपा: लांबलचक बोर्ड, ८०८८ प्रोसेसर, शेजारी रिकामा सॉकेट, आणि कोपऱ्यात रॅमच्या चार रांगा, प्रत्येकीत नऊ. नववा चुका पकडायला. दोन रांगांत ४१२५६, दोन रांगांत ४१६४. ५१२ आणि १२८ मिळून ६४० के. म्हणजे मला हवे असलेले अठरा, आणि सगळे बेसमध्ये बसवलेले, सोल्डर न केलेले! हे महत्त्वाचं. बेसमधला आयसी बोटांनी निघतो.

"यातले दोनच काढू का? बाकी तुमचंच."

"नाई. बोर्ड तुटला की माल तुटला. पूर्ण न्या."

तीनशे रुपयांत पूर्ण बोर्ड. घासाघीस केली नाही. उन्हानं माझ्यातली घासाघीस करायची ताकद तोवर संपली होती. एका टपरीवर ताक प्यायलो, दोन ग्लास, आणि मेट्रोत बोर्ड मांडीवर घेऊन बसलो. समोरची छोटी मुलगी बोर्डाकडे बघून आईला म्हणाली, "शहर!"

रविवार

सकाळीच कामाला बसलो.

मेलेला आयसी काढायचा म्हणजे सोळा पायांचं सोल्डर ओढायचं. जुन्या बोर्डावर जास्त उष्णता दिली की तांब्याचा चकटा उचलला जातो. म्हणून आयसीचा मोह सोडायचा: कटरनं सोळाही पाय अंगापासून तोडायचे, धड बाजूला टाकायचं आणि एकेक पाय चिमट्यानं ओढून काढायचा. मग भोकं पंपानं साफ करून तिथे बेस बसवायचा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रकार नको.

अडचण कूलरची. कूलरचा झोत आयर्नच्या टोकावर पडला की सोल्डर नीट वितळत नाही, दाणेदार होतं. म्हणून कूलर बंद. बाहेर ४४. कपाळावरचा घाम थेट बोर्डावर पडायला लागला तेव्हा मामी शेजारी बसली आणि पंच्यानं माझं कपाळ टिपत राहिली, ऑपरेशन थिएटरमधल्या नर्ससारखी. "मामा पण असाच बसत होता," एवढंच म्हणाली.

आता ४१६४ हा काही ४११६ चा सख्खा भाऊ नाही. याला फक्त पाच व्होल्ट लागतात. ४११६ च्या जागेत आठव्या पायावर बारा व्होल्ट येतात, पहिल्यावर उणे पाच. तसाच खोचला तर गेला. म्हणून नव्या आयसीचे पहिला आणि आठवा हे दोन पाय बाहेर वाकवायचे, म्हणजे ते बेसमध्ये जातच नाहीत. पहिल्याचं काही काम नाही. आठव्याला पाच व्होल्ट हवेत, आणि ते समोरच नवव्या पायावर आहेत. आठ आणि नऊ आयसीच्या एकाच टोकाला समोरासमोर. तिथे केसाएवढी वायर आडवी टाकली की झालं. नववा पाय ४१६४ मध्ये पत्त्याची एक रेघ असतो, तो कायम पाचवर राहिला तर आयसी आपला पाऊण भाग बाजूला ठेवून उरलेल्या पाव भागावर काम करतो. आपल्याला हवा तेवढा भाग उरतोच.

एक्सटीवरून काढलेल्या आयसीचे पाय काळे पडले होते. मामीच्या नातवाच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन घासले, चांदीसारखे निघाले.

बटण दाबलं. काळा पडदा, क्षणभर लाल रेघा, आणि पांढऱ्यावर खाली काळी ओळ: १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

मी काही बोललो नाही. मामेभाऊच बोलला. "मीच बिघडवला होता बे हा." दहावीत असताना, बाबा गावाला गेलेले, त्यानं टू-इन-वनचा अ‍ॅडाप्टर लावून पाहिला होता. पडदा गेला. त्यानं गुपचूप चादरीत गुंडाळून ठेवला आणि बाबांना वाटलं आपोआप बंद पडला. तीस वर्षं त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. आयसी त्यानंच गेला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, उलट्या विजेनं आधी दुसरे पार्ट जायला हवे होते. तसं मी त्याला म्हटलंही. पण त्याला निर्दोष सुटायचंच नव्हतं.

मग कीबोर्ड. एच, जे, के, एल आणि एन्टर या पाच की मेलेल्या. म्हणजे चिरेनं आठांपैकी एक रेघ तोडली होती. आणि नशीब बघा, स्पेक्ट्रममध्ये लोड ही आज्ञा जे दाबून येते आणि ती मान्य करायला एन्टर लागतो. बाकी सगळ्या की ठणठणीत, पण टेपवरून काही घ्यायचं तर याच पाच हव्यात.

नवा मेम्ब्रेन इंग्लंडहून मागवता येतो, अजून बनवतात. पण मला उद्या गाडी होती. उपाय एकच, चिरेपर्यंतचं टोक कापून टाकायचं आणि उरलेली पट्टी कनेक्टरमध्ये खोचायची. पट्टी आधीच आखूड. चार मिलिमीटर गेले तर पुरेल, सात गेले तर नाही. आणि प्लास्टिक इतकं ठिसूळ की कात्री लावताच दुसरी चीर जाऊ शकते. मामीनं ब्लाउजची कात्री दिली. पट्टीवर दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावला, मग कापलं, मग टेप सोलला. श्वास रोखून खोचलं. झाकण लावायच्या आधी जे दाबलं. पडद्यावर लोड.

सोमवार

सकाळी महालात काकांकडे दाखवायला. त्यांनी बोर्ड पाहिला, वाकवलेले पाय पाहिले आणि म्हणाले, "दात बसवला वाटते." मी आऱ्यावरचा एक पट्टा मागितला, कारण मामाच्या टेपरेकॉर्डरमधला पट्टा वितळून डांबर झाला होता. मी सोबत आणलेला तुकडा त्यांनी दोन बोटांत ताणून पाहिला आणि मोजल्याशिवाय एक काढून दिला. वीस रुपये. घरी गेल्यावर बरोबर बसला.

माळ्यावर एकच कॅसेट उरली होती. मामाच्या अक्षरात: भिशी १९८८.

पहिल्यांदा लावली. चौकटीत लाल-निळसर पट्टे सरकले, बारीक निळे-पिवळे आले, आणि मध्येच लोडिंग एरर. दुसऱ्यांदा तेच. हेड जरा तिरपं झालं होतं. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारका स्प्रिंगचा स्क्रू असतो. टेप वाजत असताना तो चिमूटभर इकडेतिकडे फिरवायचा. आवाज जिथे सर्वांत टोकदार आणि कर्कश होईल तिथे थांबायचं. मामीनं कानावर हात ठेवले. मी म्हणालो, हाच, हाच. तिसऱ्या वेळी पूर्ण आलं.

रोमन अक्षरांत मराठी. कॉलनीतल्या बारा बायका, दरमहा शंभर रुपये, आणि दर महिन्याला कॉम्प्युटर नाव काढणार. त्या काळी ही मामीच्या भिशीची केवढी ऐट होती! चिठ्ठ्या नाहीत, वशिला नाही, मशीन काढते नाव. चार वर्षं चालली म्हणे.

मी सहज प्रोग्रॅम थांबवून ओळी बघायला गेलो. के दाबला, एन्टर दाबला, दोन्ही शहाण्यासारखे चालले. ओळ १४०: क्रमांक सात आला आणि महिना दहावा नसेल तर पुन्हा काढ. ओळ १५०: महिना दहावा असेल तर क्रमांक सात.

"मामी, क्रमांक सात कोण?"

मामी चष्मा लावून टीव्हीजवळ आली. नावांच्या यादीवर बोट ठेवून मोजत गेली, एक, दोन, तीन. सातव्यावर बोट थांबलं.

"दिवाळीच्या महिन्यातच लागत होती मले," ती हळूच म्हणाली. "दरवर्षी. मी म्हणायची, देव आहे." मग एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. हसू थांबल्यावर तिनं खिडकी लावून घेतली.

"मागच्या गल्लीतल्या वहिनीले सांगू नको बरं. ती अजून म्हणते, तुमचा कॉम्प्युटर भारी इमानदार होता."